कार्ड संमेलनासाठी शहर निवडताना: आधी टेबलं मोजा, मग नकाशा उघडा

ट्रेडिंग कार्डांच्या, म्हणजे लोक हौसेने जमवतात आणि विकत-बदलत राहतात त्या खेळाडूंच्या किंवा खेळांच्या छापील कार्डांच्या, मोठ्या संमेलनासाठी शहर ठरवायची बैठक बहुतेक वेळा नकाशावर सुरू होते. कुणी म्हणतं अमुक शहर मध्यावर आहे, कुणी म्हणतं तिथे संग्राहक जास्त, कुणाला तिथला हॉल आवडलेला असतो. तासाभरात दोन नावं उरतात आणि मग त्या दोन शहरांत तारखा, हॉल, हॉटेलं शोधायची धावपळ सुरू होते. हा क्रम उलटा आहे. मी अशा निवड समित्यांमध्ये काम केलंय, आणि फसलेली बहुतेक संमेलनं याच उलट्या क्रमामुळे फसलेली पाहिली आहेत. शहर चांगलंच होतं, पण त्या आठवड्यात हॉल अर्धाच मिळाला. किंवा हॉल मिळाला, पण माल आत न्यायला एकच दार होतं.

कार्ड संमेलन इतर प्रदर्शनांसारखं नसतं. इथे डीलर आपली सगळी पुंजी ढकलगाडीवर घालून आणतो, तीन-चार दिवस उघड्यावर मांडतो आणि उरलेली परत नेतो. भेट देणारेही रिकाम्या हाताने येत नाहीत. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत विकायला किंवा अदलाबदलीला आणलेली कार्डं असतात. म्हणून शहराची परीक्षा एकाच गोष्टीवर करायची: गाडीच्या डिकीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत हा माल किती सुखरूप आणि किती कमी कष्टात पोचतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. मधला टप्पा गाळलात तर पुढे कुठेतरी घोडं अडणार.

टप्पा १: स्वतःची गरज आकड्यांत लिहा

पहिला कागद शहराचा नसतो, जागेचा असतो. त्यावर चार आकडे हवेत: किती टेबलं, किती बूथ, सर्वांत गर्दीच्या दिवशी किती माणसं, आणि सकाळी दार उघडताना रांगेत किती.

नेहमीचं टेबल ८ फूट लांब आणि अडीच फूट रुंद असतं. नेहमीचा बूथ १० बाय १० फुटांचा, म्हणजे १०० चौरस फूट. ६०० बूथ हवे असतील तर निव्वळ जागा ६०,००० चौरस फूट झाली. पण मार्गिका, आगीच्या दारांसमोरची मोकळी जागा आणि खांब धरून साधारण दुप्पट जागा लागते. म्हणजे १,२०,००० चौरस फूट, आणि तीही फक्त विक्रीच्या भागासाठी.

त्यात पुढच्या गोष्टी मिळवा. त्या विसरल्या जातात आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यात कोंबल्या जातात:

- ग्रेडिंग कंपन्यांचे, म्हणजे कार्ड तपासून त्याच्या स्थितीला श्रेणी देणाऱ्यांचे, काउंटर आणि त्यांच्यासमोरची रांग. लोक इथे तासन् तास उभे राहतात. ही रांग मार्गिकेत सांडली की आजूबाजूच्या बूथचा धंदा बसतो.
- स्वाक्षऱ्यांचा विभाग. याला वेगळं आत यायचं आणि वेगळं बाहेर पडायचं दार लागतं, शिवाय पाहुण्यांसाठी मागून येणारी वाट.
- कार्डांची बंद पाकिटं थेट प्रक्षेपणात फोडणाऱ्या ब्रेकरांचा भाग. इथे वीज आणि इंटरनेट दोन्ही जास्त लागतं, आणि आवाजही होतो.
- अदलाबदलीची जागा: रिकामी टेबलं, भरपूर खुर्च्या, चांगला उजेड. ही दिली नाही तर लोक जमिनीवर, जिन्यात आणि आगीच्या दारासमोर बसून व्यवहार करतात. अग्निशमन अधिकाऱ्याने ते पाहिलं की सगळ्यांना उठवतो.

आता रांगेचा हिशेब. समजा दार उघडताना ६,००० माणसं बाहेर आहेत, १२ काउंटर आहेत आणि एका काउंटरवर मिनिटाला ५ जणांचं काम होतं. मिनिटाला ६० माणसं आत गेली, तर शेवटचा माणूस १०० मिनिटांनी आत पोचेल. त्यातल्या ४,००० जणांना प्रवेशपट्टे आदल्या दिवशी दिले असतील, तर उरलेल्या २,००० जणांना ३३ मिनिटं पुरतात. हॉल शोधताना आपण आतली जागा मोजतो, बाहेरची मोजत नाही. पण वळणावळणाच्या रांगेत माणशी ५ चौरस फूट धरले तरी ६,००० माणसांना ३०,००० चौरस फूट लागतात, आणि त्या जागेवर छप्पर हवं. हातात कार्डं घेतलेली माणसं पावसात उभी करायची नाहीत.

*तपासा: हा कागद निवड समितीबाहेरच्या दोन अनुभवी डीलरांना दाखवलात का? ते पाच मिनिटांत तीन चुका काढतील.*

टप्पा २: शहराआधी तारीख

तारखांचे तीन पर्याय पसंतीक्रमाने लिहा. 'जुलैच्या शेवटी कधीतरी' हा पर्याय नव्हे. पहिला दिवस आणि शेवटचा दिवस लिहा, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माल लावायचे व काढायचे दिवस जोडा. संमेलन पाच दिवसांचं असेल तर हॉल सात-आठ दिवस लागतो. भाडेपट्ट्याची बोलणी पाच दिवसांवर करून मग उरलेले दिवस मागायला गेलात, तर ते दिवस एव्हाना दुसऱ्याकडे गेलेले असतात.

तारीख ठरवताना तीन गोष्टी पाहा. शाळांना सुट्टी आहे का, कारण मुलं आणि त्यांना घेऊन येणारे पालक हा गर्दीचा मोठा हिस्सा असतो. तुमच्या कार्डांच्या खेळाचा हंगाम ऐन भरात आहे का, कारण ज्या खेळाडूंना स्वाक्षरीसाठी बोलवायचं ते तेव्हा मोकळे नसतात. आणि त्या आठवड्यात दुसरं मोठं कार्ड प्रदर्शन कुठे आहे. अमेरिकेतलं नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन (पुढे नुसतं 'नॅशनल') हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं संमेलन जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, बुधवार ते रविवार भरतं. २०२४ मध्ये ते २४ ते २८ जुलै होतं, २०२५ मध्ये ३० जुलै ते ३ ऑगस्ट. त्या दिवसांत दुसरीकडे मोठं संमेलन ठेवलंत तर मोठे डीलर आणि ग्रेडिंग कंपन्या तुमच्याकडे येणं अवघड.

मोठे हॉल दोन ते पाच वर्षं आधी भरलेले असतात. तारीख मोकळी असली की हॉलवाले 'होल्ड' देतात, म्हणजे ती तुमच्या नावावर तात्पुरती धरून ठेवतात. यात एक मेख आहे. तो पहिला होल्ड आहे की दुसरा, हे लेखी विचारा. दुसरा होल्ड म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी रांगेत आहे. आणि पहिला होल्डही आरक्षण नव्हे. मागच्याने पक्का करार करायची तयारी दाखवली की तुम्हाला थोड्या दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात सही करा नाहीतर जागा सोडा.

*सावधान: होल्ड मिळाला म्हणून तारीख जाहीर करू नका. सही होईपर्यंत तारीख तुमची नाही.*

टप्पा ३: लांबलचक यादी

आता नकाशा उघडा, पण शहरं शोधायला नव्हे. मागच्या संमेलनांतल्या डीलरांचे पिनकोड नकाशावर टाका. संमेलन पहिलंच असेल तर ज्यांनी यायची तयारी दाखवली त्यांचे टाका. मोठा साठा असलेला डीलर शक्यतो गाडीनेच येतो. काचेची कपाटं, कार्डांनी भरलेले लांब खोके, स्लॅबच्या (श्रेणी देऊन कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कार्डांच्या) पेट्या हे सगळं विमानात परवडत नाही, आणि मौल्यवान कार्डं सामानात टाकून देण्याइतका धीर कुणाला नसतो. एका दिवसात गाडी चालवून पोचता येईल एवढं अंतर, म्हणजे आठ-नऊ तास, धरून प्रत्येक शहराभोवती वर्तुळ काढा आणि त्यात किती डीलर बसतात ते मोजा.

भेट देणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी थेट विमानं आणि विमानतळ ते हॉल हे अंतर महत्त्वाचं. नॅशनलची जागा पाहिली की हे नीट कळतं. ते शहराशहरांत फिरतं. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं आणि २००६ मध्ये अनाहाइमला भरलं. त्यानंतर २०२५ पर्यंत रोझमाँट, क्लीव्हलँड, बाल्टिमोर आणि अटलांटिक सिटी या चारच ठिकाणांत फिरत राहिलं, त्यातही पुन्हा पुन्हा रोझमाँटला. रोझमाँट हे शिकागोच्या ओहेअर विमानतळाला खेटून असलेलं छोटं गाव. क्लीव्हलँडचं आय-एक्स सेंटरही विमानतळाला लागूनच आहे. अटलांटिक सिटीचं तसं नाही. तिथला विमानतळ लहान, मोठा विमानतळ फिलाडेल्फियाचा, साधारण ६० मैलांवर. पण फिलाडेल्फियाहून येणारी रेल्वे थेट कन्व्हेन्शन सेंटरपाशी थांबते. असा एखादा दुवा असेल तर दूरचं शहरही यादीत राहू शकतं, नसेल तर काढून टाका.

यादीत आठ-दहा नावं ठेवा. तीन ठेवलीत तर पुढच्या टप्प्यात एकही उरणार नाही.

टप्पा ४: एकच पत्र सगळ्यांना

सगळ्या शहरांच्या पर्यटन कार्यालयांना आणि हॉलना एकच प्रश्नावली पाठवा, शब्द न बदलता. वेगवेगळे प्रश्न विचारले तर उत्तरांची तुलना होत नाही. टप्पा १ चा कागद आणि टप्पा २ च्या तारखा सोबत जोडा. प्रश्न निदान एवढे हवेत:

1. आमच्या तारखांना कोणकोणते हॉल मोकळे आहेत, आणि शेजारच्या हॉलमध्ये तेव्हा काय आहे?
2. डीलर स्वतःचा माल स्वतःच्या ढकलगाडीवर आत नेऊ शकतो का, की तुमच्याच माणसांकडून न्यायला लागतो? तसं असेल तर वजनावर दर किती?
3. टेबलापाशी वीज आणि इंटरनेट कोण देतं, आणि बाहेरचा पुरवठादार चालतो का?
4. रात्रीचे सुरक्षारक्षक आमचे चालतील की तुमचेच घ्यावे लागतील?
5. वातानुकूलन माल लावायच्या दिवशी चालू असतं का, की फक्त प्रदर्शनाच्या वेळेत?
6. पुढच्या तीन वर्षांत दुरुस्ती किंवा बांधकाम ठरलंय का?

दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त डीलर रडकुंडीला येतात. काही हॉलमध्ये माल हाताळायची मक्तेदारी असते आणि बिल वजनावर होतं. कागद जड असतो. चार खोके कार्डांचं वजन किती होतं हे ज्याने ते उचललेत त्यालाच ठाऊक. शहर स्वस्त दिसतं आणि डीलरला हॉलच्या दारात बिल मिळतं. पुढच्या वर्षी तो येत नाही.

टप्पा ५: प्रत्यक्ष पाहणी, भरलेली ढकलगाडी घेऊन

उत्तरांवरून तीन-चार शहरं उरतील. ती पाहायला जा. हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. हॉलवाले रिकामा, झगझगीत हॉल दाखवतात, छान जेवण देतात, आणि समिती खूश होऊन परत येते. रिकामा हॉल कुठलाही चांगलाच दिसतो.

दोन अटी घाला. एक, दुसऱ्या कुणाचं तरी प्रदर्शन लागत असेल त्या दिवशी पाहणी ठेवा. दोन, सोबत एक ढकलगाडी न्या आणि तीवर भरलेले चार-पाच खोके ठेवा. गाडी लावायच्या जागेपासून हॉलच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत स्वतः ढकलत जा आणि घड्याळ लावा.

एका शहरात आम्ही हेच केलं होतं. कागदावर सगळं उत्तम. तिथे गेल्यावर कळलं की मालाच्या दारापासून हॉलपर्यंत एकच मालवाहू लिफ्ट आहे, आणि लिफ्टच्या तोंडाशी जमिनीपासून दोन बोटं वर लोखंडी पट्टी. ढकलगाडीचं पुढचं चाक तिला अडलं. मागून रेटली तर वरचा खोका सरकला. शेवटी दोघांनी पुढची बाजू उचलली तेव्हा गाडी आत गेली. लिफ्टसाठी आम्ही थांबलो तो वेळ धरून एका फेरीला ४० मिनिटं लागली. ६०० डीलर एकाच दुपारी येणार, आणि प्रत्येकाच्या निदान दोन फेऱ्या. त्या शहराचं नाव आम्ही तिथेच खोडलं. ती पट्टी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती.

ढकलगाडी पोचली की हॉलमध्ये उभं राहून पुढच्या गोष्टी पाहा.

*उजेड.* ग्राहक स्लॅब उचलतो, दिव्याखाली तिरका धरतो, चारी कोपरे बघतो, पृष्ठभागावर ओरखडा आहे का ते बघतो. पिवळट किंवा मंद उजेडात हे होत नाही आणि मग सौद्यांवरून भांडणं होतात. सोबत एखादं चकचकीत पृष्ठभागाचं कार्ड न्या आणि हॉलच्या मधोमध, कडेला आणि खांबाआड तसं धरून बघा. प्रदर्शनाच्या वेळी किती दिवे चालू ठेवतात हेही विचारा. पाहणीच्या दिवशी सगळे लावतात.

*दमटपणा.* फॉइलचं कार्ड दमट हवेत वाकतं, कारण कागद पाणी शोषतो आणि फॉइल शोषत नाही. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असली तर कार्डं निवांत राहतात. एक छोटा आर्द्रतामापक खिशात ठेवा. मालाची दारं उघडी आणि वातानुकूलन बंद असताना मोजा, कारण माल लावायच्या दिवशी कार्डं नेमकी त्याच हवेत उघडतात. छतावरचे पाण्याचे डागही पाहा. डाग ज्या टेबलावर येतो तिथला डीलर तुम्हाला माफ करणार नाही.

*फोनचं नेटवर्क.* खरेदीदार मागच्या विक्रीचे भाव फोनवर बघतो आणि पैसेही फोनवरूनच देतो. रिकाम्या हॉलमध्ये नेटवर्क सगळीकडे असतं. गर्दीत ते मरतं. मागच्या तीन प्रदर्शनांच्या आयोजकांना फोन करून हे विचारा. हॉलवाल्यांना विचारण्यात अर्थ नाही.

*दारं आणि रात्र.* हॉलला एकूण किती दारं आहेत ती मोजा, आणि रात्री प्रत्येकाला काय लागतं ते बघा: कुलूप, कॅमेरा की नुसती साखळी. साफसफाईचे लोक रात्री कुठून येतात, कुणाच्या परवानगीने? शेजारच्या हॉलमधलं दार मधूनच आपल्याकडे उघडतं का?

*बाहेरचं अंतर.* डीलरला धोका हॉलमध्ये कमी आणि गाडीपाशी जास्त असतो. संध्याकाळी थकलेला माणूस सगळ्यात महागडी पेटी खांद्याला लावून पार्किंगमध्ये जातो, डिकी उघडतो, आणि मागून कुणीतरी ते बघत असतं. म्हणून पार्किंगची पाहणी रात्री ९ वाजता करा. उजेड आहे का, पहारेकरी दिसतो का, हॉटेलपर्यंत छपराखालून चालत जाता येतं का? हॉल आणि हॉटेल आतून जोडलेले असतील तर माझ्या मते त्या शहराला दुसऱ्या कुठल्याही सोयीपेक्षा जास्त गुण द्यावेत.

*तपासा: पार्किंगच्या छताची उंची. बहुमजली पार्किंगमध्ये उंच व्हॅन शिरत नाही, आणि डीलर व्हॅननेच येतात. उंचीची पाटी वाचा, फोटो काढा.*

टप्पा ६: खोल्यांचा करार वाचताना

हॉटेलं संमेलनासाठी खोल्या राखून ठेवतात आणि बदल्यात हमी मागतात. कराराची मेख 'ॲट्रिशन'च्या कलमात असते. समजा १,००० रात्रींच्या खोल्या राखल्या आणि हमी ८० टक्क्यांची आहे. म्हणजे ८०० रात्री भरल्याच पाहिजेत. भरल्या ६५०, तर उरलेल्या १५० रात्रींचे पैसे तुमच्या खिशातून. कार्डवाले लोक स्वस्त खोली शोधण्यात पटाईत असतात, एका खोलीत चौघं राहतात, आणि राखीव कोट्याबाहेर नोंदणी करतात. म्हणून पहिल्या वर्षी गरजेपेक्षा कमी खोल्या राखा आणि वाढवायची मुभा मागा. कमी करायच्या तारखाही करारात घाला, म्हणजे संमेलनाच्या काही महिने आधी नोंदणी पाहून खोल्या दंडाशिवाय सोडता येतात.

कोट्याबाहेरून पण संमेलनासाठीच राहिलेल्यांचीही मोजणी व्हावी हे कलम आग्रहाने लिहून घ्या. पाहुण्यांची यादी आणि नोंदणीची यादी ताडून बघायचा हक्क म्हणजेच हे कलम.

*सावधान: 'हॉल फुकट' असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, किती खोल्या भरल्यावर? हॉलची सवलत बहुधा खोल्यांना बांधलेली असते.*

टप्पा ७: कायदा, कर, विमा

इथे थोडक्यात, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आणि ते तिथल्या सल्लागाराकडूनच घ्यायचे. पण विचारायचे प्रश्न सगळीकडे तेच.

बाहेरगावचा डीलर चार दिवस विकणार, तर त्याला तात्पुरता परवाना लागतो का, आणि कर कोण गोळा करतं? काही ठिकाणी आयोजकावरच विक्रेत्यांची यादी द्यायची जबाबदारी असते. दुसरं, पैसे घेऊन चिठ्ठ्या टाकून कार्ड देणं हे अनेक ठिकाणी जुगारात मोडतं. आत काय आहे ते न सांगता विकलेल्या पाकिटांबद्दलही आधी विचारा. ब्रेकरांना नियम सुरुवातीलाच कळले पाहिजेत, हॉलमध्ये पोलीस आल्यावर नव्हे. तिसरं, परदेशी डीलर. प्रदर्शनाचा माल तात्पुरता आणायला एटीए कार्नेट नावाचा कागद चालतो, पण तो परत नेण्याच्या मालासाठी असतो. विकायचा माल त्यावर आणला आणि विकला, तर सीमाशुल्क आणि दंड दोन्ही मागे लागतात. ज्या शहरात सीमाशुल्काचं काम जवळच होतं ते परदेशी डीलरांना सोयीचं.

विम्यात मालाच्या चोरीची जबाबदारी कुणाची हे लेखी ठरवा. बहुतेक हॉल ती घेत नाहीत.

टप्पा ८: खर्च एका टेबलावर आणा

सगळ्या शहरांचे आकडे एकाच मापात बदला: एका टेबलामागे किती. त्यात आयोजकाचा खर्च धरा आणि डीलरचाही. हॉलचं भाडं, वीज, रक्षक, साफसफाई, टेबलं-खुर्च्या हे आपल्याकडे. खोली, पार्किंग, इंधन, माल हाताळणी, परवाना हे डीलरकडे. समित्या पहिला स्तंभ भरतात आणि दुसरा रिकामा सोडतात. मग आपल्या हिशेबात स्वस्त निघालेलं शहर डीलरला महागात पडतं, आणि टेबलं विकली जात नाहीत.

टप्पा ९: आधी बाद करा, मग गुण द्या

गुणांचा तक्ता करायची सगळ्यांना घाई असते. थांबा. आधी बाद करणाऱ्या अटी लिहा, ज्यांत गुण नाहीत, फक्त हो किंवा नाही: तारीख पक्की मिळते का, जागा पुरते का, डीलर स्वतःचा माल आत नेऊ शकतो का, रात्री हॉल पूर्ण बंद करता येतो का. एका जरी प्रश्नाला 'नाही' असेल तर ते शहर गेलं. तक्त्याची खोड अशी की विमानतळ आणि हॉटेलांचे भरघोस गुण मिळवून वाईट दारांचा हॉल वर येतो. बाद करायची पायरी आधी ठेवली की ते होत नाही.

उरलेल्यांना गुण द्या. वजन कशाला किती हे शहरांची नावं झाकून ठरवा. नावं दिसली की वजनं आवडत्या शहराकडे झुकतात. मग वजनं थोडी हलवून बघा. जड वजनं हलकी केल्यावरही तेच शहर वर राहिलं तर निवड भक्कम. लगेच क्रम बदलला तर दोन्ही शहरांशी बोलणी चालू ठेवा.

टप्पा १०: सही करण्याआधीची कलमं

दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला सही होईपर्यंत नकार कळवू नका. पहिल्याशी बोलताना तुमची ताकद तीच आहे.

कराराच्या मसुद्यात चार कलमं शोधा. नसतील तर घालून घ्या.

रद्द होण्याचं कलम. २०२० मध्ये अटलांटिक सिटीला ठरलेलं नॅशनल महासाथीमुळे आधी पुढे ढकललं गेलं आणि शेवटी रद्दच झालं. संकटात दोन्ही बाजूंचे पैसे कसे परत होतील, तारीख बदलायची मुभा किती वेळा, हे त्या वर्षानंतर 'समजुतीने बघू' वर सोडता येत नाही. साथ, सरकारी बंदी आणि प्रवासबंदी हे शब्द नावानिशी लिहा.

हॉलच बंद झाला तर काय, याचं कलम. क्लीव्हलँडच्या आय-एक्स सेंटरच्या चालकांनी सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे ते नव्या व्यवस्थेखाली सुरू झालं आणि २०२४ चं नॅशनल तिथेच भरलं. पण मधल्या काळात त्या हॉलवर तारखा टाकून बसलेल्या आयोजकांचा विचार करा. चालक बदलला तरी करार नव्या चालकावर बंधनकारक राहील, हे वाक्य हवं.

स्पर्धेचं कलम. तुमच्या संमेलनाच्या आधी आणि नंतर ठरावीक दिवस त्याच हॉलमध्ये दुसरं कार्ड प्रदर्शन होऊ नये.

पुढच्या वर्षाचा पहिला हक्क. संमेलन यशस्वी झालं की त्याच तारखांना दुसरा कुणीतरी पैसे घेऊन उभा राहतो. पुढच्या दोन वर्षांच्या त्याच आठवड्यांवर पहिला होल्ड आत्ताच मागा. सहीच्या आधी तो सहसा फुकट मिळतो.

*तपासा: माल लावायचे आणि काढायचे दिवस, वातानुकूलनाच्या वेळा आणि डीलरने स्वतः माल नेण्याची परवानगी, ही तिन्ही कराराच्या मुख्य मजकुरात आहेत का? ईमेलमधलं आश्वासन माणूस बदलला की संपतं.*

टप्पा ११: जाहीर करताना

सही झाल्यावर आधी डीलरांना कळवा, मग सगळ्यांना. डीलरांच्या पत्रात शहराची स्तुती नको. त्यांना हवं ते द्या: मालाच्या दाराचा नकाशा, पार्किंगची उंची, माल लावायच्या वेळांचे गट, लिफ्टचं माप, तात्पुरत्या परवान्याचा अर्ज आणि खोल्यांच्या नोंदणीची शेवटची तारीख. टप्पा ५ मध्ये काढलेले फोटो इथे कामाला येतात. ढकलगाडी कुठून शिरते आणि कुठे वळते, हे फोटोंसह क्रमाने दाखवा. ज्या डीलरला ही वाट आधी दिसते तो त्या दुपारी दारात गाडी आडवी लावून उभा राहत नाही, आणि मागच्या ३० गाड्या थांबत नाहीत.